मामांच्या गच्चीवरचा सोलार इन्व्हर्टर: जुना काढून नवा लावल्यावर नेमका फरक कुठे पडला

जळगावला पिंप्राळ्याकडे माझ्या मामांचं घर आहे, दोन मजली, वर गच्ची. २०१७ मध्ये त्यांनी ३ किलोवॅटचं ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला (ग्रिडला) जोडलेलं सोलार बसवलं, नेट मीटरसकट. ३१५ वॅटची १० पॅनल, सगळी एकाच ओळीत म्हणजे एका स्ट्रिंगमध्ये जोडलेली, आणि गच्चीवर पत्र्याच्या छोट्या छपराखाली पश्चिमेच्या भिंतीवर इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसीत बदलणारा डबा. मी नाशिकला कंट्रोल पॅनल वायरिंगचं काम करतो, सोलारचंही थोडंफार येतं, त्यामुळे घरात कुठलीही वायर गरम झाली की फोन मलाच येतो.

मामा शाळेत क्लार्क होते, त्यांना नोंदी ठेवायची सवय. पहिल्या दिवसापासून रोज संध्याकाळी जनरेशन मीटरचं रीडिंग वहीत लिहितात, तारीख, युनिट, आणि बाजूला ढग असले तर "ढगाळ". ही वही नसती तर हे सगळं प्रकरण मला कळलंच नसतं हे आधीच सांगून ठेवतो, कारण जुन्या इन्व्हर्टरमध्ये वायफाय वगैरे काही नव्हतं, दोन ओळींचा एक छोटा डिस्प्ले आणि तीन दिवे, बस.

२०२४ च्या दिवाळीत गेलो तेव्हा मामांनी वही पुढे ठेवली आणि म्हणाले, "बघ रे, पॅनल म्हातारी झाली वाटतं." २०१८ च्या मार्च ते मे मध्ये रोजची सरासरी होती १३.६ युनिट, आणि २०२४ च्या त्याच तीन महिन्यांची ८.९. म्हणजे तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त वीज गेली कुठे? गावातल्याच एका सोलारवाल्याने येऊन बघितलं होतं, पाच मिनिटं गच्चीवर थांबला आणि सगळी पॅनल काढून नवीन घ्या म्हणाला, वर सूर्यघर योजनेतून अनुदान मिळवून देतो असंही सांगून गेला. आता त्या योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार मिळतात हे खरं आहे, पण ज्या घराने आधी सोलारसाठी सबसिडी घेतलीय त्याला ती परत मिळत नाही आणि मामांनी २०१७ लाच घेतली होती. तो माणूस हे विचारायला विसरला की मुद्दाम नाही विचारलं ते मला माहीत नाही, पण मामा पैसे भरायच्या बेतात होते.

पॅनल अशी सात वर्षांत तिसऱ्या हिश्शाने मरत नाहीत. चांगली पॅनल वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का उतरतात, म्हणजे सात वर्षांत पाच-सात टक्के धरा. तरी मोजल्याशिवाय बोलायचं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मीटर घेऊन वर गेलो. आधी इन्व्हर्टरची एसी म्हणजे लाइनकडची बाजू बंद, मग डीसी आयसोलेटर म्हणजे पॅनलकडचा स्विच बंद, आणि मगच कनेक्टर सुटे केले (हा क्रम कृपया कोणी उलटा करू नका, ४०० व्होल्ट डीसी चालू लोडवर सोडवलं तर जी ठिणगी पडते ती विझत नाही). दहा पॅनलचं उघडं (लोड न जोडता येणारं) व्होल्टेज ४१० च्या आसपास आलं, तापलेल्या पॅनलला एवढंच यायला पाहिजे. डीसी क्लॅम्प मीटरने शॉर्ट सर्किट करंट बघितला, तोही उन्हाच्या मानाने बरोबर. पॅनल ठणठणीत होती.

मग प्रश्न आला इन्व्हर्टरवर. खरा धागा मात्र मला मामींकडून मिळाला. चहा घेताना सहज म्हणाल्या की उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे वाळत घालायला जाते तेव्हा ते मशीन सारखं टक टक करतं, आधी कधी करत नव्हतं. आणि वेळ विचारली तर भर दुपार, बारा ते अडीच. म्हणजे जेव्हा ऊन सगळ्यात जास्त तेव्हाच.

ती टक टक म्हणजे आतल्या रिलेचा आवाज. इन्व्हर्टर ग्रिडपासून सुटतो तेव्हा एकदा, परत जोडतो तेव्हा एकदा. मी तिथेच स्टूल घेऊन बसलो, आणि पावणेएकला डिस्प्लेवर फॉल्ट कोड आला, नुसता आकडा. मॅन्युअल शोधून बघितलं तर अर्थ होता ग्रिडचं व्होल्टेज जास्त. इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर मोजलं, २५४. तो सुटल्याबरोबर २४९. मग तीन मिनिटं थांबून तो परत जोडायचा, पॉवर वाढवायचा, व्होल्टेज चढायचं, परत टक.

हे असं का होतं ते समजायला सोपं आहे. इन्व्हर्टरला वीज बाहेर ढकलायची असेल तर त्याला लाइनपेक्षा थोडं वर व्होल्टेज ठेवावं लागतं, पाणी उतारानेच वाहतं तसं. दुपारी गल्लीत कोणी फारसं काही चालवत नाही, त्यात आता मामांच्या लाइनवर अजून पाच घरांवर सोलार आलंय, सगळे एकाच वेळी ढकलतायत, त्यामुळे लाइनचंच व्होल्टेज वर जातं. आपल्याकडे नियम असा आहे की व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर गेलं, म्हणजे २३० चं २५३ झालं, की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत सुटलं पाहिजे. जुना इन्व्हर्टर नियम बरोबर पाळत होता, त्याचा त्यात काही दोष नाही. पण व्होल्टेजच्या बाबतीत त्याला दोनच गोष्टी येत होत्या, पूर्ण चालू राहणं नाहीतर पूर्ण बंद होणं, मधलं काही नाही.

आणि यात आपल्या घरचीही चूक होती. गच्चीपासून मीटरपर्यंत ३० मीटर केबल, आणि ती २.५ स्क्वेअर एमएमची. हिशोब केला तर जाऊन येऊन ०.४४ ओहम, १० अँपिअरला साडेचार व्होल्ट नुसते केबलमध्ये. म्हणजे मीटरपाशी २४९ असताना वर इन्व्हर्टरला २५४ च्या आसपास दिसणार. २०१७ ला ज्याने बसवलं त्याने केबलमध्ये पैसे वाचवले आणि त्याची किंमत सात वर्षांनी दिसली.

दुसरी गोष्ट सावली. २०२१ ला पूर्वेच्या शेजाऱ्यांनी वर एक मजला चढवला, त्यामुळे सकाळी साडेदहापर्यंत दहापैकी चार पॅनलवर सावली पडते. मामा म्हणाले चारच तर आहेत, सहा चालू असतील ना. इथेच जुन्या आणि नव्या इन्व्हर्टरमधला सगळ्यात मोठा फरक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका ओळीत जोडलेल्या पॅनलमधून एकच करंट वाहतो. सावलीतलं पॅनल समजा २ अँपिअर देऊ शकतं आणि उन्हातलं ६, तर इन्व्हर्टरपुढे दोन रस्ते असतात. एक, सगळी दहा पॅनल चालू ठेवून २ अँपिअर घ्यायचे, म्हणजे ३७० व्होल्ट गुणिले २, साधारण साडेसातशे वॅट. दोन, ६ अँपिअर ओढायचे, मग सावलीतल्या पॅनलमधले बायपास डायोड, म्हणजे करंटला बाजूने वाट देणारे भाग, चालू होतात, ती चार पॅनल वगळली जातात, आणि उरलेल्या सहांचे २२० व्होल्ट गुणिले ६, म्हणजे तेराशेच्या वर. ग्राफ काढला तर दोन टेकड्या दिसतात, एक ठेंगणी, एक उंच. एमपीपीटी म्हणजे सगळ्यात जास्त पॉवरचा बिंदू शोधणारा भाग. जुन्या इन्व्हर्टरमधला तो आहे तिथून थोडं इकडे थोडं तिकडे करून बघतो आणि जवळच्या टेकडीवर चढून बसतो, पलीकडे उंच टेकडी आहे हे त्याला कळतच नाही. शिवाय मामांच्या जुन्या मॉडेलची एमपीपीटीची खालची मर्यादा २०० व्होल्ट होती, पॅनल तापली की सहांचं व्होल्टेज १९० च्या घरात उतरतं, म्हणजे उंच टेकडी दिसली असती तरी त्याला तिथे जाता आलं नसतं. रोज सकाळचे तीन तास हा असाच साडेसातशे वॅटवर बसून राहायचा, तीन वर्षं.

तिसरं म्हणजे उष्णता. जळगावचं ऊन सांगायला नको, मे मध्ये ४४-४५ नेहमीचंच, आणि हा डबा पश्चिमेच्या भिंतीवर, वरून तापलेला पत्रा. आतला पंखा उघडून बघितला तर धुळीने जाम. इन्व्हर्टर एका मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला वाचवायला पॉवर कमी करतो, आणि डिस्प्लेवर तसं काही लिहूनही येत नाही. नंतर काढल्यावर आतला बोर्ड बघितला तर दोन इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरची डोकी फुगलेली होती. या कपॅसिटरचं गणित ढोबळपणे असं सांगतात की तापमान १० डिग्रीने वाढलं की आयुष्य निम्मं. तसं बघितलं तर सात वर्षं चालला हेच खूप.

आता काय घ्यायचं यावर दोन दिवस चर्चा चालली. मामांची इच्छा होती की लाइट गेल्यावर पण सोलार चाललं पाहिजे, कारण गल्लीतल्या बऱ्याच जणांना वाटतं की नवीन इन्व्हर्टर लाइट नसतानाही चालतात. साधा ऑन-ग्रिड, नवा असो की जुना, लाइट गेली की बंदच होतो, आणि व्हायलाच पाहिजे, नाहीतर लाइन बंद आहे समजून खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसेल. लाइट नसताना चालवायचं तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी, मग तो घर ग्रिडपासून तोडून वेगळं चालवतो. ५ युनिटच्या लिथियम बॅटरीसकट तो खर्च लाखाच्या वर जात होता, मामांकडे लाइट जाते ती दिवसातून अर्धा तास, आणि पंखे-दिव्यांसाठी घरात ट्युबलर बॅटरीचा जुना होम इन्व्हर्टर आहेच. म्हणून मी हायब्रिड नको म्हणालो. ज्यांच्याकडे रोज चार-पाच तास लाइट जाते त्यांनी मात्र हायब्रिडच घ्यावा, तिथे माझं मत वेगळं असेल.

शेवटी घेतला ३ किलोवॅटचा साधा ऑन-ग्रिड पण दोन एमपीपीटीचा. घेताना मी या गोष्टी बघितल्या: दोन वेगळे ट्रॅकर (म्हणजेच एमपीपीटी), दोन्ही ८० व्होल्टपासून काम करणारे; पंखा नाही, मागे अॅल्युमिनियमचे पंख; आयपी ६५, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा; आत सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे अचानक उसळलेल्या व्होल्टेजपासून बचाव; आणि एएफसीआय, म्हणजे डीसी बाजूला कुठे कनेक्टर सैल होऊन आर्क पडत असेल तर ओळखून बंद होणारा. ही शेवटची गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत, सगळ्या मॉडेलमध्ये नसतेही, पण मी तिच्यासाठी तीन दुकानं फिरलो, कारण जुनी जोडणी सोडवताना एक कनेक्टर तपकिरी झालेला सापडला होता, आतून करपलेला, आणि त्याच्या खाली मामींच्या वाळवणाच्या चादरी ठेवलेल्या असायच्या. एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून आर्क तुटायला संधी असते, डीसीमध्ये ती नसते, जळतच राहतो. या एका गोष्टीसाठी मी दोन-चार हजार जास्त द्यायला कधीही तयार आहे.

एफिशियन्सीचा आकडा मुद्दाम शेवटी सांगतो कारण जाहिरातीत तोच सगळ्यात मोठा छापतात. जुन्याची प्लेटवरची ९५.५, नव्याची ९७.६. फरक दोन टक्के. दिवसाला पाव युनिट.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बदललं. क्षमता तीच ठेवली आणि वीज कंपनीला इन्व्हर्टर बदलल्याचं पत्र देऊन पोच घेतली. जागा बदलली, आता जिन्याच्या खोलीच्या उत्तरेच्या भिंतीवर, जिथे दिवसभर सावली. केबल ६ स्क्वेअर एमएमची टाकली, तिच्यात १० अँपिअरला दोन व्होल्टसुद्धा जात नाहीत. अर्थिंगचा खड्डा परत भरून घेतला, तपकिरी कनेक्टरच्या जागी नवा, तोही दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या, कारण वेगवेगळ्या कंपन्यांचे नर-मादी जोडले की तिथेच गरम होतं. सगळं मिळून ४१ हजार.

एक चूक माझ्या डोळ्यासमोर झाली तीही सांगतो. बसवणाऱ्या मुलाने सोयीचं म्हणून पाच-पाच पॅनलच्या दोन ओळी केल्या आणि मलाही तेव्हा ठीक वाटलं. नाशिकला आल्यावर मोबाइलवर नव्या इन्व्हर्टरच्या अॅपमध्ये दोन्ही ट्रॅकरच्या रेघा बघितल्या, तर पहिली सकाळी साडेदहापर्यंत खोल दबलेली. अर्थात, चार सावलीतली आणि एक उन्हातलं एकत्र बांधलं होतं, ते एक बिचारं चौघांबरोबर अडकून पडलेलं. दोन आठवड्यांनी परत गेलो आणि चार आणि सहा अशी विभागणी केली. चार पॅनलचं व्होल्टेज १४८, उन्हाळ्यात तापून १२५ च्या आसपास, जुन्या इन्व्हर्टरला एवढ्यावर एमपीपीटी जमलंच नसतं, याला ८० पासून चालतं. आता सकाळी सहा पॅनलची रेघ एकदम स्वच्छ चढते आणि चारची आपली साडेदहाला उठते, एकमेकांना ओढत नाहीत.

अॅपचं मला आधी फार कौतुक नव्हतं, आता आहे. जानेवारीत सहा पॅनलच्या रेघेत रोज तीनच्या सुमारास छोटा खळगा दिसायला लागला, फोनवरून मामांना म्हणालो वर जाऊन बघा, तर शेजारच्या नव्या डिशची सावली एका पॅनलच्या कोपऱ्यावर. शेजाऱ्यांना सांगितलं, त्यांनी दोन फूट सरकवली. फेब्रुवारीत धूळ किती बसली आणि धुतल्यावर दुसऱ्या दिवशी किती वाढलं ते मामा स्वतः बघतात आता, आधी महिन्याने धुवायचे, आता उन्हाळ्यात दर दहा दिवसांनी, सकाळी पॅनल थंड असताना. आणि जूनच्या पहिल्या पावसात इन्सुलेशनचा (वायरमधून जमिनीकडे वीज गळतेय असा) इशारा आला तेव्हा नुसता आकडा नाही, किलोओहममध्ये किंमतच दिसली, कोणत्या ओळीत तेही एकेक ओळ बंद करून अर्ध्या तासात सापडलं, एका कनेक्टरमध्ये पाणी गेलं होतं. जुन्याने अशा वेळी फक्त लाल दिवा लावला असता. फक्त एक, अॅपचा आणि त्या वायफाय डोंगलचा कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदला, बसवणारे बदलत नाहीत.

व्होल्टेजचं काय झालं ते बाकी राहिलं. बसवणारा मुलगा म्हणाला दादा, सेटिंगमध्ये लिमिट २७० करून टाकतो, कधीच ट्रिप होणार नाही. मी नको म्हणालो. असं बरेच जण करतात, पण मग त्या २६०-२६५ व्होल्टवर आपला आणि शेजाऱ्यांचाही फ्रिज, टीव्ही, एलईडी चालणार, आणि नियमातही ते बसत नाही. लिमिट २५३ लाच ठेवली. त्याऐवजी या नव्या इन्व्हर्टरमध्ये व्होल्ट-वॅट नावाचं सेटिंग आहे ते चालू केलं. २४८ च्या वर व्होल्टेज गेलं की तो हळूहळू पॉवर कमी करतो, त्यामुळे लाइनचं व्होल्टेजही थोडं खाली येतं आणि सुटायची वेळच येत नाही. आधी जिथे शून्य मिळायचं, तिथे आता सतराशे-अठराशे वॅट मिळतात. पूर्ण मिळत नाहीत हे मान्य, पण तीन मिनिटं बंद आणि एक मिनिट चालू यापेक्षा कितीतरी चांगलं.

वहीतले आकडे. २०२५ च्या मार्च ते मे ची सरासरी आली १२.४. म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा दिवसाला साडेतीन युनिट जास्त, आणि २०१८ पेक्षा सव्वा युनिट कमी, त्यातलं काही पॅनलच्या वयाचं, काही शेजारच्या मजल्याचं. ते साडेतीन कुठून आले याची मी अंदाजे वाटणी केलीय: ट्रिप थांबल्यामुळे दीड, सावलीचं नीट वाटप झाल्यामुळे सव्वा, थंड जागा आणि तापून पॉवर कमी न होण्यामुळे अर्धा, आणि प्लेटवरच्या एफिशियन्सीमुळे ते पाव. ट्रिपच्या दीडमध्ये केबलचाही वाटा आहे, त्याचं श्रेय इन्व्हर्टरला देणार नाही. मामांनी हिशोब मांडला की ४१ हजार पाचेक वर्षांत निघतील. पॅनल बदलली असती तर खर्च तिपटीच्या आसपास गेला असता, आणि नवीन पॅनल परत त्याच सावलीत, त्याच केबलवर बसली असती.

नव्याची एक बाजू मला आवडलेली नाही. जुन्याचा बोर्ड मी उघडून कपॅसिटर बदलू शकलो असतो, याचं कव्हर उघडलं की वॉरंटी गेली, आणि आत सगळं इतकं बारीक की गावात कोणी हात लावणार नाही. म्हणून घेताना वॉरंटी किती वर्षांची यापेक्षा बिघडल्यावर जळगावात कोण येतो आणि बदली मशीन किती दिवसांत देतो हे लेखी घेतलं.

जानेवारीत मी आणि गल्लीतल्या त्या पाचही सोलारवाल्या घरांनी मिळून वीज कंपनीकडे अर्ज दिला, सोबत अॅपमधून काढलेला दोन महिन्यांचा दुपारच्या व्होल्टेजचा तक्ता जोडला, तारीख-वेळेसकट. नुसतं "व्होल्टेज जास्त येतं" म्हणून सांगितलं तर माणूस येऊन जातो आणि तेव्हा नेमकं बरोबर असतं, पण कागदावर रोजचे आकडे होते म्हणून इंजिनिअर स्वतः ट्रान्सफॉर्मरपाशी येऊन मोजून गेले. जुलैमध्ये ट्रान्सफॉर्मरचं टॅप, म्हणजे बाहेर किती व्होल्टेज द्यायचं ते ठरवणारी जोडणी, एक पायरी खाली केलं. तेव्हापासून दुपारी मामांच्या मीटरवर २४१-२४२ असतं, व्होल्ट-वॅट क्वचितच लागतं, आणि एप्रिल-मे मधले पूर्ण आकडे आता पुढच्या उन्हाळ्यात मिळतील.